सरकारला युद्धातून बाहेर पडता येईल का: या प्रश्नावर वादविवाद कसा करावा

युद्ध सुरू असताना एक प्रश्न फार लवकर विचारला जातो आणि फार ढिसाळपणे चर्चिला जातो: या युद्धातून बाहेर पडण्याची विश्वास ठेवण्याजोगी योजना सरकारजवळ आहे का? महाविद्यालयाच्या वादविवाद स्पर्धेत असो, एखाद्या अभ्यासमंडळात असो की घरच्या बैठकीत असो, थोड्याच वेळात चर्चा भलतीकडे सरकते. एक बाजू युद्ध न्याय्य होते की नाही यावर बोलू लागते, दुसरी सैनिकांच्या शौर्यावर, आणि मूळ प्रश्न तसाच राहतो. हा प्रश्न नीट मांडावा कसा, त्यासाठी पुरावा कुठे शोधावा आणि दोन्ही बाजूंनी प्रामाणिकपणे कसे बोलावे, हे पुढे सांगितले आहे. मुख्य उदाहरण श्रीलंकेचे सरकार आणि सशस्त्र तमिळ गट यांच्यातील लढाई थांबवण्याच्या करारानुसार श्रीलंकेत गेलेल्या भारतीय शांतिसेनेचे, म्हणजे १९८७ ते १९९० या काळाचे, घेतले आहे, कारण तो निर्णय आपल्याच सरकारचा होता, त्याची किंमत आपल्याच जवानांनी मोजली, आणि त्याचा सारा घटनाक्रम आता उघड आहे. तुलनेसाठी व्हिएतनाम, अफगाणिस्तान, बोस्निया आणि कोरिया येथील घटना घेतल्या आहेत.

ठराव नेमका लिहावा

असे वादविवाद पुष्कळदा ठरावाच्या शब्दांतच बिघडतात. ‘सरकारजवळ बाहेर पडण्याची योजना नाही’ एवढाच ठराव ठेवला, तर ठरावाच्या बाजूचा वक्ता युद्धातल्या सगळ्या चुका मोजत बसतो आणि विरोधी वक्ता पंतप्रधानांची भाषणे वाचून दाखवतो. म्हणून ठरावात तीन गोष्टी स्पष्ट असाव्यात: कोणते सरकार, कोणती तारीख, आणि कोणती स्थिती आली म्हणजे ‘बाहेर पडलो’ असे म्हणायचे. श्रीलंकेच्या बाबतीत ठराव असा लिहिता येईल: ‘उत्तर श्रीलंकेतील जाफना शहर ताब्यात आल्यानंतर, म्हणजे नोव्हेंबर १९८७ च्या आरंभी, कराराची उद्दिष्टे साधून सैन्य परत आणण्याची विश्वासार्ह योजना भारत सरकारजवळ होती.’

तारखेचा आग्रह धरण्याचे कारण साधे आहे. मार्च १९९० मध्ये काय झाले हे आज आपल्याला ठाऊक आहे, पण १९८७ मध्ये निर्णय घेणाऱ्यांना ते ठाऊक नव्हते. जो वक्ता केवळ शेवट सांगून योजना वाईट होती असे सिद्ध करू पाहतो, त्याने योजनेचा विचारच केलेला नसतो; चांगली योजनाही दुर्दैवाने फसते आणि कच्ची योजनाही कधी परिस्थितीमुळे तरून जाते. त्यामुळे ठरावाच्या तारखेनंतरची माहिती उदाहरण म्हणून वापरावी, पण तिच्यावर निर्णय टांगू नये, असा नियम दोन्ही बाजूंनी आधीच मान्य केलेला बरा.

‘विश्वासार्ह’ या शब्दाचाही अर्थ ठरवून घ्यावा. यशाची हमी कोणतेच सरकार देऊ शकत नाही, आणि ती मागणारा वक्ता अशक्य गोष्ट मागतो. मला योग्य वाटणारी कसोटी अशी: त्या वेळी उपलब्ध असलेली माहिती पाहून विचारी माणसाला ही योजना बहुधा पार पडेल असे वाटेल का, आणि ती पार न पडल्यास काय करायचे याचे उत्तर सरकारजवळ आहे का? या कसोटीचा दुसरा भाग अधिक महत्त्वाचा आहे, कारण सरकारे बहुधा त्याच ठिकाणी अडखळतात.

आणि युद्ध न्याय्य होते की नाही हा प्रश्न आरंभीच बाजूला काढावा. न्याय्य युद्धातूनही बाहेर पडण्याची वाट नसू शकते, आणि चुकीच्या युद्धातूनही एखादे सरकार शहाणपणाने बाहेर पडू शकते. फ्रान्सने अल्जीरिया या आपल्या वसाहतीत जे युद्ध लढले त्याचे समर्थन आज फारसे कुणी करत नाही. पण सप्टेंबर १९५९ मध्ये फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष द गॉल यांनी स्वयंनिर्णयाची भाषा उघडपणे वापरली, जानेवारी १९६१ मध्ये त्यावर सार्वमत घेतले आणि मार्च १९६२ मध्ये एव्हियां येथे करार केला. या क्रमात बाहेर पडण्याचा विचार टप्प्याटप्प्याने दिसतो.

प्रत्येक अट कुणाच्या हाती आहे, हे विचारावे

संपूर्ण वादविवादाचा गाभा येथे आहे, आणि तयारीचा निम्मा वेळ येथेच घालवावा असे मी सांगेन. बाहेर पडण्याची कोणतीही योजना म्हणजे एकामागून एक पूर्ण व्हायच्या अटींची मालिका असते. त्या अटी एका कागदावर लिहाव्यात आणि प्रत्येक अटीपुढे तीन प्रश्नांची उत्तरे मांडावीत: ही अट पूर्ण करणे कुणाच्या हाती आहे, ती पूर्ण न करण्यात त्याचा काय लाभ आहे, आणि त्याने ती पूर्ण केली नाही तर सरकार काय करू शकते. सरकारची भाषणे बहुधा आपण काय करणार आहोत एवढेच सांगतात. वादविवादाने समोरच्यांना काय करावे लागेल हे विचारले पाहिजे.

राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जे. आर. जयवर्धने यांनी २९ जुलै १९८७ रोजी कोलंबोत सह्या केलेला करार या पद्धतीने वाचून पाहावा. करारानुसार सही झाल्यापासून ४८ तासांत लढाई थांबायची होती आणि त्यानंतर ७२ तासांत तमिळ गटांनी शस्त्रे खाली ठेवायची होती. ही पहिली अट आणि बाकीचा सगळा डोलारा तिच्यावर उभा. ती कुणाच्या हाती होती? मुख्यतः लिट्टेच्या, म्हणजे प्रभाकरन याच्या नेतृत्वाखालील सर्वांत प्रबळ तमिळ गटाच्या. लिट्टेने करारावर सही केलेली नव्हती. शस्त्रे देण्यात तिचा काय लाभ होता? जवळपास काहीच नाही, कारण इतर तमिळ गटांवर तिचे वर्चस्व शस्त्रांच्याच बळावर होते. ४ ऑगस्टला सुदुमलै येथील सभेत प्रभाकरन याने जे भाषण केले त्यातच त्याची नाखुषी उघड होती, आणि दुसऱ्या दिवशी पलाली येथे जी शस्त्रे दिली गेली ती नावापुरती होती. तिसऱ्या प्रश्नाचे, म्हणजे लिट्टेने नकार दिल्यास काय, याचे उत्तर करारात एवढेच होते की युद्धबंदीची हमी घेण्यासाठी आणि ती अमलात आणण्यासाठी श्रीलंकेच्या राष्ट्राध्यक्षांना भारतीय सैन्य बोलावता येईल. शांतता राखण्यासाठी गेलेल्या सैन्याला लढावे लागले तर किती सैन्य लागेल, किती काळ लागेल आणि त्यानंतर काय, याचा हिशेब त्या वाक्यात नव्हता. ऑक्टोबरमध्ये लढाई सुरू झाली, १२ ऑक्टोबरच्या पहाटे जाफना विद्यापीठाच्या मैदानावर हेलिकॉप्टरने उतरवलेल्या तुकड्यांची भीषण हानी झाली, आणि जाफना शहर हाती यायला ऑक्टोबरचा उरलेला सारा काळ लागला.

दुसरी अट श्रीलंकेच्या सरकारच्या हाती होती: प्रांतांना अधिकार देणे आणि उत्तर व पूर्व प्रांत एकत्र आणणे. नोव्हेंबर १९८७ मध्ये तेथील राज्यघटनेत तेरावी दुरुस्ती झाली, म्हणजे ही अट निदान कागदावर पुढे सरकली, आणि हे ठरावाच्या बाजूच्या वक्त्याने ठामपणे सांगावे. पण एकत्र राहायचे की नाही यावरचे पूर्व प्रांतातील सार्वमत ३१ डिसेंबर १९८८ पर्यंत घ्यायचे होते आणि ते पुढे ढकलण्याचा अधिकार त्याच करारात श्रीलंकेच्या राष्ट्राध्यक्षांना दिलेला होता. ते सार्वमत कधीच झाले नाही.

तिसरी अट बहुतेक वक्त्यांच्या नजरेतून सुटते. भारतीय सैन्य तेथे निमंत्रणावरून गेले होते, आणि निमंत्रण परत घेता येते. डिसेंबर १९८८ मध्ये रणसिंघे प्रेमदासा राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक जिंकले. भारतीय सैन्य परत पाठवण्याची भूमिका त्यांनी लपवली नव्हती. १ जून १९८९ रोजी त्यांनी जुलैअखेर सैन्य परत न्यावे अशी जाहीर मागणी केली, आणि त्याच काळात त्यांचे सरकार लिट्टेशी बोलणी करत होते. म्हणजे ज्यांच्या सहकार्यावर योजना उभी होती ते दोघेही आपापल्या कारणासाठी भारताला बाहेर काढण्याच्या बाजूला आले, आणि दिल्लीच्या हाती राहिला तो वेळ वाढवून मागण्याचा मार्ग. माझे मत विचाराल तर नोव्हेंबर १९८७ मध्येसुद्धा ही तिसरी अट दिसण्यासारखी होती, कारण श्रीलंकेत पुढची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक केव्हा होणार हे माहीत होते आणि कराराविरुद्ध सिंहली समाजातील संताप पहिल्याच दिवसापासून रस्त्यावर होता. ३० जुलैला मानवंदनेच्या वेळी एका नौसैनिकाने राजीव गांधींवर बंदुकीच्या दस्त्याने हल्ला केला होता, याहून स्पष्ट खूण कोणती हवी?

हीच रीत १९७१ च्या युद्धाला लावली की फरक लगेच दिसतो. तेथे सत्ता हाती घेणारे बांगलादेशचे हंगामी सरकार १७ एप्रिल १९७१ रोजी मुजीबनगर येथे शपथ घेऊन मोकळे झाले होते, त्यामागे १९७० च्या निवडणुकीचा कौल होता, १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली, शेख मुजीब १० जानेवारी १९७२ रोजी परतले आणि भारतीय सैन्य मार्चच्या मध्यापर्यंत बाहेर पडले. बाहेर पडण्याच्या जवळजवळ सगळ्या अटी अशा लोकांच्या हाती होत्या ज्यांना त्या पूर्ण करण्यातच लाभ होता. उरलेला अवघड प्रश्न सुमारे ९३ हजार युद्धकैद्यांचा होता, आणि तो सोडवण्यासाठी ऑगस्ट १९७३ चा दिल्ली करार आणि त्यापुढचा काही काळ लागला. पण तो भारताच्या ताब्यातला प्रश्न होता, भारताला अडकवणारा नव्हता.

या तक्त्यात आपल्याच देशातील अटीसुद्धा लिहाव्यात. व्हिएतनाममधील युद्ध थांबवण्यासाठी झालेल्या जानेवारी १९७३ च्या पॅरिस करारानंतर उत्तर व्हिएतनामने करार मोडल्यास अमेरिका जोरदार प्रत्युत्तर देईल असे आश्वासन अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांनी दक्षिण व्हिएतनामचे अध्यक्ष थिएउ यांना खासगी पत्रांतून दिले होते. पण ते आश्वासन पाळणे एकट्या निक्सन यांच्या हाती नव्हते. अमेरिकी काँग्रेसने १५ ऑगस्ट १९७३ पासून त्या प्रदेशातील लष्करी कारवाईला पैसाच बंद केला. करारानुसार उत्तरेचे सैन्य दक्षिणेत होते तेथेच राहिले होते, आणि ३० एप्रिल १९७५ रोजी सायगॉन पडले. ज्या संसदेने पैसा मंजूर करायचा तिने ज्या आश्वासनाला कधी मान्यता दिली नाही, ते आश्वासन योजनेचा आधार म्हणून कुणी पुढे केले तर विरोधी वक्त्याने तेथेच थांबवून प्रश्न विचारावा.

स्थानिक सैन्यावर भिस्त असेल तर

‘आम्ही स्थानिक दल उभे करू आणि मग निघू’ हे वाक्य जवळपास प्रत्येक सरकारच्या योजनेत येते, म्हणून त्याची स्वतंत्र तयारी हवी. दलाची संख्या सांगितली गेली की वाद संपला असे समजू नये. त्या दलाचा पगार कोण देते, त्याची वाहने आणि विमाने कोण दुरुस्त करते, त्यातली माणसे आपणहून आली आहेत की पकडून आणलेली आहेत, आणि परकीय सैन्य गेल्यावर ती कुणासाठी लढणार आहेत, हे चार प्रश्न संख्येहून अधिक सांगतात.

श्रीलंकेत नोव्हेंबर १९८८ मध्ये उत्तर-पूर्व प्रांतिक परिषदेची निवडणूक झाली आणि वरदराज पेरुमल मुख्यमंत्री झाले. त्यांच्या सरकारच्या रक्षणासाठी भारताच्या मदतीने ‘तमिळ नॅशनल आर्मी’ नावाचे दल उभारले गेले, आणि त्यात कितीतरी कोवळ्या मुलांना सक्तीने भरती केले गेले. शांतिसेना एकेका भागातून निघत गेली तसतसे ते दल लिट्टेसमोर कोसळले आणि त्याची शस्त्रे लिट्टेच्या हाती गेली. चारही प्रश्नांची उत्तरे आधीच देता आली असती.

अफगाणिस्तानची दोन उदाहरणे शेजारी ठेवल्यावर तर हा मुद्दा फारच बोलका होतो. सोव्हिएत सैन्य १५ फेब्रुवारी १९८९ रोजी बाहेर पडले तेव्हा मॉस्कोच्या पाठिंब्यावर उभे असलेले काबूलमधील नजीबुल्लांचे सरकार काही आठवड्यांत पडेल असा अनेकांचा अंदाज होता. पण त्याच वसंतात जलालाबादवर झालेला मोठा हल्ला त्यांच्या सैन्याने परतवला, आणि ते सरकार एप्रिल १९९२ पर्यंत टिकले. ते पडले ते मॉस्कोची मदत थांबल्यानंतर. उलट अमेरिकेने ज्या सैन्यावर २० वर्षे पैसा ओतला, ज्याची कागदावरची संख्या तीन लाखांच्या घरात सांगितली जात होती, त्याच्या हातून काबूल १५ ऑगस्ट २०२१ रोजी गेले, म्हणजे अमेरिकेचे शेवटचे विमान ३० ऑगस्टच्या रात्री उडण्याच्याही आधी. त्या सैन्याच्या हवाई दलाची देखभाल परदेशी कंत्राटदारांवर अवलंबून होती आणि ते कंत्राटदार सैन्यासोबतच निघून गेले होते. यावरून ‘स्थानिक दल कधीच टिकत नाही’ असा निष्कर्ष काढू नये. नजीबुल्लांच्या उदाहरणावरून ठरावाच्या बाजूचा वक्ता असे म्हणू शकतो की सैन्य गेल्यावरही पैसा, इंधन आणि दारूगोळा चालू ठेवण्याची व्यवस्था असेल तर योजना विश्वासार्ह ठरते. मग वाद योग्य जागी येतो: ती व्यवस्था किती वर्षांची, कोणत्या अंदाजपत्रकातून, आणि कोण मंजूर करणार?

पुरावा कुठे शोधावा

नेत्यांची भाषणे वाचावीत, पण ती पुरावा म्हणून सर्वांत दुबळी समजावीत. त्यापेक्षा संसदेतील प्रश्नोत्तरे, संरक्षण खात्याच्या मागण्या आणि पुरवणी मागण्या, लेखापरीक्षकांचे अहवाल आणि मूळ कराराचा मजकूर यांतून अधिक कळते. बाहेर पडू इच्छिणारे सरकार खर्चातही तसे दिसते; कायमचे तळ, पक्क्या धावपट्ट्या आणि दीर्घ मुदतीची कंत्राटे वाढत असतील तर ‘लवकरच परत येऊ’ या घोषणेला पुरावा विरोधात जातो.

एक खूण मला विशेष महत्त्वाची वाटते: सरकार कोणती आकडेवारी देणे थांबवते. अफगाणिस्तानातील पुनर्बांधणीच्या खर्चावर देखरेख ठेवण्यासाठी अमेरिकेने २००८ मध्ये एक विशेष महानिरीक्षक कार्यालय स्थापन केले, आणि ते दर तिमाहीला अहवाल काढत असे. २०१७ मध्ये अफगाण दलांची संख्या आणि हानी यांसंबंधीची बरीच माहिती लष्कराने गोपनीय ठरवली. २०१९ च्या एप्रिलमधील अहवालात असे नमूद झाले की कोणता जिल्हा कुणाच्या ताब्यात आहे याचे मोजमापच आता केले जात नाही. यशाचे जे माप सरकारने स्वतः निवडले होते तेच सोडून दिले गेले. याला लष्करी कारण असू शकते आणि शत्रूला माहिती मिळू नये हा युक्तिवाद पोकळ नाही, पण ते माप सोडल्यावर त्याच्या जागी दुसरे कोणते आले, हे विचारण्याचा अधिकार नागरिकाला आहे आणि वक्त्याने तो वापरावा.

वाटाघाटीच्या मेजावर कोण नाही, हेही तपासावे. कोलंबोच्या करारावर लिट्टेची सही नव्हती. २९ फेब्रुवारी २०२० रोजी दोहा येथे अमेरिका आणि तालिबान यांच्यात करार झाला, आणि काबूलचे सरकार त्यात पक्षकार नव्हते. तरी पाच हजारांपर्यंत तालिबानी कैदी सोडण्याचे काम त्याच सरकारवर पडले. ज्याने सही केली नाही त्याच्यावर योजनेचा भार आहे, असे दिसले की तेथे बोट ठेवावे.

कधी बाहेर पडण्याची सारी वाट एकाच प्रश्नावर अडते आणि तो प्रश्न युद्धाच्या मूळ कारणाशी जोडलेलाही नसतो. कोरियात युद्धबंदीची बोलणी जुलै १९५१ मध्ये सुरू झाली आणि २७ जुलै १९५३ पर्यंत लांबली. त्यांतला फार मोठा काळ मायदेशी परतायला नकार देणाऱ्या युद्धकैद्यांचे काय करायचे या एका वादात गेला, आणि त्या काळात माणसे मरत राहिली. तो प्रश्न सोडवण्यासाठी जो तटस्थ राष्ट्रांचा आयोग नेमला गेला त्याचे अध्यक्ष जनरल थिमय्या होते, आणि २२ हजारांहून अधिक कैद्यांचा ताबा घेणाऱ्या भारतीय दलाचे नेतृत्व कोल्हापूरकडचे मेजर जनरल शंकरराव थोरात यांनी केले. परतू न इच्छिणाऱ्या, आपसांत वैर असलेल्या कैद्यांना बळाचा किमान वापर करून महिनोन्‌महिने सांभाळणे हे काम किती नाजूक होते याची कल्पना केली, तर योजनेतील एका ओळीमागे केवढे कष्ट दडलेले असतात हे ध्यानात येते. तयारी करताना म्हणूनच स्वतःला विचारावे की या युद्धात तसा अडणारा प्रश्न कोणता, आणि सरकारने त्याचा विचार केल्याची खूण कुठे दिसते का.

तारखेचा वाद

परतीची तारीख जाहीर करावी की करू नये, यावर दोन्ही बाजूंना खरेखुरे मुद्दे आहेत. ओबामा यांनी १ डिसेंबर २००९ रोजी अफगाणिस्तानात ३० हजार जादा सैनिक पाठवण्याची घोषणा केली आणि त्याच भाषणात जुलै २०११ पासून परती सुरू होईल असेही सांगितले. शत्रूने तेवढा काळ वाट पाहिली की झाले, असे टीकाकार म्हणाले. तारीख नसेल तर काबूलचे सरकार कधीच स्वतःच्या पायावर उभे राहणार नाही, असे समर्थक म्हणाले. दोन्ही म्हणणी एकाच वेळी खरी असू शकतात, म्हणून या मुद्द्यावर फार वेळ घालवू नये.

तारीख चुकली म्हणजे योजना खोटी होती, हेही गृहीत धरू नये. डिसेंबर १९९५ मध्ये बोस्नियात गेलेल्या नाटोच्या सैन्याचे काम सुमारे वर्षभरात आटोपेल असे अमेरिकी जनतेला सांगण्यात आले होते. नाटोने ती जबाबदारी युरोपीय संघाच्या दलाकडे सोपवली ती डिसेंबर २००४ मध्ये. आश्वासन सपशेल चुकले, पण लढाई पुन्हा पेटली नाही, सैन्याची संख्या टप्प्याटप्प्याने कमी होत गेली, आणि आज त्या मोहिमेला फसलेली मोहीम म्हणणे कठीण आहे. सरकारच्या बाजूने बोलणाऱ्याने हे उदाहरण जरूर हाताशी ठेवावे. विरोधी वक्त्यासाठी इराकचे आहे: २००८ च्या कराराप्रमाणे अमेरिकी सैन्य डिसेंबर २०११ मध्ये ठरल्या वेळी बाहेर पडले आणि जून २०१४ मध्ये मोसुल इस्लामिक स्टेटच्या हाती गेले, त्यानंतर त्या सैन्याला परत जावे लागले.

बलिदानाचा मुद्दा आला तर

आता परतलो तर गेलेल्या जवानांचे बलिदान व्यर्थ जाईल, हा युक्तिवाद कधी ना कधी येतोच. त्याला थंडपणे ‘तर्कदोष’ म्हणून झटकणे मला योग्य वाटत नाही, कारण बोलणाऱ्याच्या घरातला कुणी त्या युद्धात असू शकतो. मेजर रामस्वामी परमेश्वरन मुंबईत जन्मलेले, ८ महार पलटणीचे अधिकारी. २५ नोव्हेंबर १९८७ च्या रात्री शोधमोहिमेवरून परतताना त्यांच्या तुकडीवर दबा धरून हल्ला झाला. त्यांनी शत्रूला मागून गाठले, छातीत गोळी लागलेली असतानाही समोरच्याची रायफल हिसकावून त्याला ठार केले आणि शेवटच्या श्वासापर्यंत जवानांना हुकूम देत राहिले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. त्यांचे शौर्य दिल्लीतील योजनेच्या गुणदोषांवर अवलंबून नाही. योजना कच्ची ठरली म्हणून ते कमी होत नाही आणि मोहीम लांबवली म्हणून वाढतही नाही. एवढे आदराने सांगून मग विचारावे: यापुढे जे पाठवले जातील त्यांच्या जिवाच्या बदल्यात काय साधणार आहे? व्हिएतनाममध्ये निक्सन जानेवारी १९६९ मध्ये सत्तेवर आले तेव्हा बाहेर पडायचे हे जवळपास ठरलेले होते, आणि तरी १९६९ पासून पुढे २० हजारांहून अधिक अमेरिकी सैनिक मारले गेले. व्हिएतनामी मृतांची संख्या त्याच्या कित्येक पट होती. योजनेवर वेळेत वाद न झाल्याची किंमत ही अशी असते, आणि म्हणूनच युद्धकाळात असा वाद करणे देशविरोधी आहे असे कुणी म्हटले तर ते ठामपणे नाकारावे.

विरोधी बाजूचे उत्तरदायित्व

सरकारजवळ योजना नाही असे सिद्ध करणे पुरेसे नाही. मग काय करावे, हे विरोधी वक्त्यालाही सांगावे लागते, आणि त्याच्या पर्यायालाही तोच अटींचा तक्ता लावावा. ताबडतोब परत या, असे तो म्हणत असेल तर मागे कोण राहते, हा प्रश्न त्याला चुकवता येत नाही. विश्वनाथ प्रताप सिंह यांच्या सरकारने सैन्य परत आणण्याचा निर्णय पार पाडला आणि शेवटची तुकडी २४ मार्च १९९० रोजी त्रिंकोमालीहून निघाली. अकराशेहून अधिक जवान गमावल्यानंतर ते योग्यच होते असे मला वाटते. पण ज्या तमिळ कार्यकर्त्यांनी आणि कुटुंबांनी भारताच्या शब्दावर निवडणूक लढवली त्यांतल्या अनेकांना देश सोडून पळावे लागले, काही मागे राहिले आणि मारले गेले, आणि जूनमध्ये तेथे पुन्हा युद्ध पेटले. अल्जीरियात फ्रान्सच्या बाजूने लढलेल्या हर्कींचे, म्हणजे तेथल्याच स्थानिक मुस्लिम सैनिकांचे, आणि काबूलच्या विमानतळाबाहेर ताटकळलेल्या दुभाष्यांचे हेच झाले. बाहेर पडण्याच्या योजनेत त्यांची यादी, त्यांची वाहने आणि त्यांना कुठे नेणार याची व्यवस्था आहे का, हे दोन्ही बाजूंना विचारले पाहिजे.

भाषणाची बांधणी करताना

वेळ आठ मिनिटांचा असेल तर पहिल्या मिनिटात ठरावातील शब्दांचा अर्थ सांगावा, पुढची चार मिनिटे एक किंवा फार तर दोन अटींवर द्यावीत, आणि उरलेला वेळ समोरच्या बाजूच्या सर्वांत मजबूत मुद्द्याला उत्तर देण्यात घालवावा. पाच देशांची नावे भराभर घेणाऱ्या वक्त्यापेक्षा, लिट्टेने शस्त्रे का दिली असती, या एकाच प्रश्नावर टिकून राहणारा वक्ता श्रोत्यांना अधिक पटतो. उद्धरणे तपासूनच वापरावीत: व्हिएतनामसाठी आपल्याजवळ ‘गुप्त योजना’ आहे असे निक्सन म्हणाले, हे सर्रास सांगितले जाते, पण १९६८ च्या प्रचारात त्यांनी हे शब्द वापरलेच नव्हते, आणि समोरच्याला ते ठाऊक असेल तर तुमच्या बाकीच्या खऱ्या मुद्द्यांवरचाही विश्वास उडतो.

परीक्षकांनी किंवा चर्चा चालवणाऱ्यांनी दोन्ही वक्त्यांना शेवटी एकच प्रश्न विचारावा: येत्या सहा महिन्यांत नेमकी कोणती घटना घडली तर तुम्ही तुमचे मत बदलाल? सरकारच्या बाजूचा वक्ता उदाहरणार्थ असे म्हणू शकेल की स्थानिक दलांना एका जिल्ह्याचीही जबाबदारी एकट्याने पेलता आली नाही तर मी मत बदलेन. विरोधी वक्ता म्हणू शकेल की बाहेर राहिलेला गट सही करून बोलणीला बसला तर मी बदलेन. उत्तरे लिहून ठेवावीत, सहा महिन्यांनी तीच मंडळी पुन्हा बोलवावीत आणि त्या कागदापासून चर्चा सुरू करावी.